पुण्यात न्यायालयीन आणि पोलिस नोंदी शोधताना: ई-कोर्ट्स व नागरिक पोर्टलचा काही महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमचा एक छोटा नर्सिंग ब्युरो आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या माणसांसाठी आम्ही मावशी आणि ब्रदर (पुरुष परिचारक) पाठवतो. मुले परदेशी किंवा परगावी, घरात दोघे वृद्ध, आणि दिवसरात्र सोबत राहणारी व्यक्ती कालपर्यंत अनोळखी असलेली, अशी बहुतेक घरांची स्थिती असते. त्यामुळे पैशांच्या बोलणीआधी "पोलिस व्हेरिफिकेशन झाले आहे ना?" असे विचारले जाते, आणि ते रास्तच आहे. ब्युरोत ही जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून मी न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणारे ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ व अ‍ॅप, महाराष्ट्र पोलिसांचे नागरिक पोर्टल आणि मुंबई उच्च न्यायालयाचे संकेतस्थळ नियमितपणे वापरत आहे. माझे मत आधीच सांगतो. एखादा खटला माहीत असेल आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहायचे असेल, तर ही व्यवस्था उत्तम आहे. एखादा माणूस कसा आहे हे केवळ त्याच्या नावावरून ठरवायचे असेल, तर ती अपुरी आहे, आणि घाईने वापरली तर अन्यायकारकही ठरते.

ई-कोर्ट्सचा कणा म्हणजे सीएनआर क्रमांक. सोळा अक्षरांचा हा क्रमांक देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांतल्या प्रत्येक प्रकरणाला मिळतो. पुणे जिल्ह्यातील प्रकरणांचा क्रमांक एमएचपीयू या अक्षरांनी सुरू होतो, मग न्यायालयाचे दोन अंक, प्रकरणाचे सहा आणि शेवटी वर्षाचे चार. हा क्रमांक हाती असला की राज्य, जिल्हा, न्यायालय काहीच निवडावे लागत नाही. दाखल तारीख, कलमे, पोलिस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर (गु. र. नं.), पुढची तारीख आणि आजवरच्या सर्व तारखांचा इतिहास एका पानावर येतो. इतिहासातल्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी न्यायालयात काय झाले तेही थोडक्यात वाचता येते. अ‍ॅपमध्ये प्रकरण जतन करून ठेवण्याची सोय आहे, आणि पक्षकार म्हणून तारखा सांभाळणाऱ्या कोणालाही मी ती डोळे झाकून सुचवेन. हे सर्व विनामूल्य आहे.

नावाने शोधायला लागलो की मात्र कष्ट सुरू होतात. पक्षकाराच्या नावाचा शोध एका वेळी एकाच न्यायालय संकुलात आणि एकाच नोंदणी वर्षापुरता चालतो. म्हणजे शिवाजीनगरला पाहिले की पिंपरी वेगळे, वडगाव मावळ वेगळे, खेड, शिरूर, दौंड, बारामती, सासवड प्रत्येक वेगळे, आणि पुन्हा प्रत्येक वर्षासाठी कॅप्चासकट तेच सारे. आमच्याकडे काम मागायला येणारी बरीच मंडळी लातूर, नांदेड, बीड या भागांतून पुण्यात आलेली असतात, त्यामुळे पुण्यातला शोध कितीही काटेकोर केला तरी मूळ जिल्ह्यातील न्यायालये पाहिल्याशिवाय त्याला अर्थ राहत नाही. आता मी व्यक्ती कोणत्या वर्षी कुठे राहत होती हे आधी लिहून घेतो आणि त्या क्रमानेच न्यायालये निवडतो.

त्यातच इंग्रजी स्पेलिंगची अडचण येते. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत निदान तीन प्रकारे नोंदलेले आढळते, लक्ष्मीचे दोन, वाघमारे कधी डब्ल्यूने तर कधी व्हीने. काही ठिकाणी आडनाव आधी असते, काही ठिकाणी शेवटी, तर काही ठिकाणी वडिलांचे नाव गाळलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठी माहेरचे नाव घालून सगळा शोध पुन्हा करावा लागतो. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाचा किंवा नावाचा न बदलणारा तुकडा टाकावा. निदान तीन अक्षरे लागतात, पण यादी लांबली तरी काही निसटत नाही.

एका उमेदवाराच्या बाबतीत हे सर्व कसाला लागले. ब्युरोने काही काळ एका खासगी पडताळणी कंपनीचे अहवाल घेतले होते. तिने या ब्रदरच्या नावापुढे लाल खूण करून तालुका न्यायालयातील मारहाणीचा एक फौजदारी खटला जोडून पाठवला. मी तो खटला ई-कोर्ट्सवर उघडला. नाव व आडनाव तंतोतंत तेच होते. मात्र खटला 2008 सालचा होता आणि आमच्या उमेदवाराचा जन्म 1998 चा. निकालपत्राची पीडीएफ उपलब्ध असल्याने शंकेला जागाच उरली नाही, कारण आपल्याकडच्या निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपीचे पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण दिलेले असते. आरोपी मध्यमवयीन शेतकरी होता आणि वडिलांचे नावही वेगळे होते. कंपनीने केवळ नाव जुळवून अहवाल तयार केला होता, निकालपत्र उघडण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्या लाल खुणेमुळे एका कष्टाळू मुलाची नोकरी गेली असती आणि कारण त्याला कधी कळलेही नसते. त्यानंतर आम्ही असे अहवाल घेणे बंद केले.

प्रकरणाचा प्रकार वाचता येणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला आणि एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. एससीसीमध्ये धनादेश न वटल्याची कलम 138 ची प्रकरणे फार मोठ्या संख्येने असतात, आणि पतपेढीचे कर्ज थकले म्हणून कोणी रुग्णाची सेवा करायला नालायक ठरत नाही. सत्र न्यायालयात चालणारा गंभीर गुन्ह्याचा खटला असेल तर अर्थातच थांबून नीट वाचावे लागते. कलमे वाचताना आता आणखी एक दक्षता घ्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने फसवणुकीचे जुने 420 आता 318(4) झाले आहे आणि चोरीचे 379 आता 303(2). जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालत असल्यामुळे दोन्ही क्रमांक पुढची कित्येक वर्षे शेजारी शेजारी दिसत राहतील.

पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरची प्रसिद्ध एफआयआरची सोय मी याच्या जोडीला वापरतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये आदेश दिला, की संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी, आणि संपर्काच्या अडचणी असतील तिथे ही मुदत 72 तासांपर्यंत वाढू शकते. ही सोय त्या आदेशामुळे आहे. घटक (पोलिस जिल्हा किंवा आयुक्तालय), पोलिस ठाणे आणि तारखांचा टप्पा दिला की यादी येते आणि मराठीतली पूर्ण हकिगत वाचता येते. लैंगिक अत्याचाराचे व पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे) गुन्हे तिथे नसतात आणि ते नसावेतच. पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे शोध घेणाऱ्याने विसरू नये. पिंपरी-चिंचवडचे पोलिस आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 रोजी सुरू झाले, त्यामुळे वाकड किंवा हिंजवडीचा गुन्हा शोधताना त्याचे साल आधी विचारात घ्यावे लागते, कारण घटक त्यानुसार बदलतो.

एफआयआर सापडली म्हणजे खटला सापडलाच असे नाही. तपासानंतर पोलिसांनी अ, ब किंवा क समरी (गुन्हा बंद करण्याची परवानगी) मागितली असेल, तर दोषारोपपत्रच गेलेले नसते. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही तर अ, तक्रार द्वेषबुद्धीने खोटी केलेली असेल तर ब, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून गुन्हा नोंदला गेला असेल तर क. ब समरी झालेल्या गुन्ह्यात नाव असलेला माणूस खरे तर खोट्या तक्रारीने त्रासलेला असतो, पण पोर्टलवर एफआयआर मात्र तशीच दिसते. उलट दिशेनेही उणीव आहेच. अदखलपात्र तक्रारी, सहायक पोलिस आयुक्तांपुढे चालणाऱ्या चॅप्टर केसेस (प्रतिबंधात्मक कारवाया) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचे तडीपारीचे आदेश ई-कोर्ट्सवर मिळत नाहीत. त्यांच्यासाठी पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींवरून दिले जाणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रच लागते. घरी बसून केलेला शोध त्या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला स्पष्ट सांगतो. दोषारोपपत्राची अपेक्षा तर कोणी धरूच नये. ते सार्वजनिक दस्तऐवज नसून संकेतस्थळावर टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे.

उच्च न्यायालयाची नोंद वेगळ्या संकेतस्थळावर शोधावी लागते. पुण्याची प्रकरणे मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या पीठाकडे) सातारा, सांगली, सोलापूर गेले, पुणे गेले नाही. तिथे शोधताना स्टॅम्प क्रमांक (प्रकरण दाखल करताना मिळणारा) आणि नोंदणी क्रमांक हे दोन वेगळे असतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

ही संकेतस्थळे मला एका मावशींसाठी खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. आमच्या अर्जात 'आपल्यावर कधी गुन्हा नोंद झाला होता का' असा प्रश्न असतो. त्यांनी 'हो' लिहिले आणि खाली मान घालून सांगितले, की भावजयीने केलेल्या 498अ च्या (सासरच्या छळाच्या) तक्रारीत नणंद म्हणून त्यांचेही नाव होते. त्या तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात राहत होत्या. तालुका न्यायालयात आरसीसी सापडली, पण त्यांचे नाव 'व इतर' मध्ये गेले होते. पान उघडून आरोपींची पूर्ण यादी पाहिली तेव्हा ते दिसले. त्यांच्याविरुद्धची एफआयआर रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेशही मिळाला. तो छापून मी त्यांच्या हाती दिला. इतकी वर्षे वकिलांनी "झाले तुमचे काम" एवढेच सांगितले होते, कागद त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आज त्या आमच्या सर्वांत विश्वासू मावशींपैकी एक आहेत.

जिथे आदेशाची पीडीएफ नसते, तिथे न्यायालयाकडून मिळणाऱ्या प्रमाणित नकलेशिवाय पर्याय नाही. संगणकीकरणापूर्वी निकाली निघालेली बरीच प्रकरणे तर शोधात येतच नाहीत. नकलेच्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रकरणाशी संबंध नसल्यास कारण स्पष्ट लिहून तो द्यावा लागतो. शक्य असेल तिथे मी उमेदवारालाच स्वतःच्या प्रकरणाची नक्कल मागायला सांगतो, कारण पक्षकाराला ती सुलभपणे मिळते आणि त्याच्या माघारी काही केल्यासारखेही होत नाही. शोध घेण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती घेतो, आणि काही सापडले तर कुटुंबाला सांगण्याआधी त्या व्यक्तीलाच दाखवतो.

ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यातून एक सुधारणा व्हावी अशी माझी कळकळीची मागणी आहे. नावाने शोधल्यावर येणाऱ्या पहिल्या यादीत फक्त प्रकरणाचा क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावे असतात. निर्दोष सुटका झाली, शिक्षा झाली की लोकअदालतीत तडजोड झाली, हे प्रत्येक प्रकरण उघडल्यावरच कळते, आणि बहुतेक लोक ते उघडत नाहीत. निकालाचे स्वरूप त्या यादीतच नावाशेजारी छापावे, आणि आरोपीच्या वडिलांचे नाव शोधाच्या रकान्यात घ्यावे.