बसची पोहोच मोजायची, तर बफर की रस्त्यांचे जाळे?

शहरातील कोणत्या वस्त्यांना बसथांबा चालत जाण्याच्या अंतरावर नाही, हे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शोधायचे दोन सरळ मार्ग आहेत. प्रत्येक थांब्याभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ, काढावा, किंवा प्रोसेसिंग टूलबॉक्समधील ‘सर्व्हिस एरिया’ चालवून तेच अंतर रस्त्यांवरून मोजावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या थांब्यांसाठी मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

बफरला थांब्यांच्या लेयरखेरीज, म्हणजे नकाशावरील त्यांच्या जागांच्या थराखेरीज, काहीच लागत नाही. लेयर तेवढी अक्षांश-रेखांशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत), म्हणजे इथे यूटीएम ४३ उत्तरमध्ये, आणून घ्यावी. नाहीतर ५०० हा आकडा अंशांत धरला जातो आणि एकाच वर्तुळात सारी पृथ्वी मावते. बैठकीत नकाशा दाखवायचा असेल, तर वर्तुळे कोणालाही चटकन कळतात, हेही मान्य केले पाहिजे.

बफरबद्दल माझे मत फिरले ते दापोडी ते पिंपरी या पट्ट्यामुळे. तिथे जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि रेल्वेमार्ग जवळजवळ समांतर धावतात, आणि महामार्गावरील थांब्याचे वर्तुळ रूळ ओलांडून पलीकडच्या घरांवर बिनदिक्कत पसरते. त्या घरांतून निघालेल्या माणसाला मात्र आधी पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग गाठावा लागतो, मग पलीकडे उतरून उलट चालत यावे लागते. नकाशा त्यांना ‘सोय आहे’ म्हणतो. मुळा-मुठेच्या काठांवर आणि लष्करी हद्दीच्या भिंतींपाशीही हेच घडते, आणि सेवेतील उणिवा नेमक्या अशाच जागी दडलेल्या असल्याने हा दोष मला किरकोळ वाटत नाही. अडथळे सोडले, तरी ५०० मीटरच्या वर्तुळात सुमारे ७८.५ हेक्टर जागा येते. काटकोनी रस्त्यांच्या आदर्श जाळ्यात मात्र तेवढेच चालून फक्त ५० हेक्टर गाठता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११.२.१ हा निर्देशांकही बससाठी ५०० मीटर आणि रेल्वे-मेट्रोसाठी १ किलोमीटर हे अंतर रस्त्यांवरूनच धरतो.

जाळ्याची पद्धत मेहनत मागते, हे खरे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर एखादी गल्ली किंवा पादचारी पूल नोंदलेला नसेल, तर नसलेली उणीव दिसू लागते. हाताने काढलेल्या लेयरमध्ये दोन रस्त्यांना समाईक बिंदू नसला, तर चौकात वळताच येत नाही; त्यावर उपाय म्हणून सगळ्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे सरसकट तोडल्या, तर उड्डाणपूल खालच्या रस्त्याला जोडला जातो. नाशिक फाट्यासारख्या ठिकाणी थांबा कोणत्या रेषेला चिकटला आहे, हे झूम करून डोळ्यांनीच पाहावे लागते. निकालही रेषांच्या रूपात येतो. वस्ती मोजायची, तर त्यांना पुन्हा थोडा बफर द्यावा लागतो. बस दिवसातून किती वेळा येते, हे दोन्ही पद्धतींना ठाऊक नसते. त्यासाठी वेळापत्रकच हाती हवे.

वेळ फारच कमी असेल, तर बफरही अगदी टाकाऊ नाही. रस्त्याने अंतर सरळ रेषेपेक्षा कधीच कमी भरत नसल्याने, थांब्यांची लेयर पूर्ण असेल तर बफरबाहेर राहिलेली वस्ती निश्चितच वंचित असते आणि तिच्यासाठी जाळे जोडत बसण्याची गरज नाही. बफरच्या आत दिसणाऱ्या घरांबाबत मात्र, विशेषतः रूळ, नदी किंवा मोठा रस्ता मध्ये असेल तर, मी रस्त्यांवरून मोजल्याशिवाय नकाशा कोणाच्या हाती देणार नाही.