अर्जात आधी काय लिहावं : एकूण सायटेशन की एच-इंडेक्स?

प्रमोशनचा किंवा ग्रँटचा अर्ज भरायची वेळ आली की विभागातले ज्युनियर हा प्रश्न हमखास विचारतात. सायटेशन म्हणजे आपल्या पेपरचा दुसऱ्या पेपरांनी दिलेला संदर्भ; एच-इंडेक्स दहा म्हणजे किमान दहा-दहा सायटेशन मिळालेले दहा पेपर. दोन्ही आकडे लिहायला कोणी अडवत नाही, पण कमिटीची नजर पहिल्या आकड्यावरच थांबते, त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे. पेपर पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) आहेत, सायटेशन मोजणाऱ्या स्कोपसचं प्रोफाइल साफ करून ठेवलंय, हे गृहीत धरतो.

एकूण सायटेशन समजावून सांगावे लागत नाहीत. कमिटीत प्रशासनातला कोणी असेल तर त्यालाही ते कळतात. शिवाय ज्याने मोजकंच पण भक्कम काम केलं, त्याला हाच आकडा न्याय देतो. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९ सालचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर घ्या. गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली तर मृत्यू किती टळतात, हे त्यात दाखवलं होतं. पुढे आशांमार्फत देशभर राबवलेल्या कार्यक्रमामागे हे काम आहे. एच-इंडेक्सच्या हिशेबात मात्र त्या पेपरची किंमत एक. तसंच, ज्याचे तीनच पेपर आहेत त्याचा एच तीनच्या वर जाऊच शकत नाही. नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झाला असाल तर एकूण आकडा पुढे ठेवलेला बरा.

माझं मत फिरलं ते एका बहुकेंद्री, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून केलेल्या, पेपरमुळे. आमच्या विभागाने एका मोठ्या अभ्यासाला रुग्णांचा डेटा पाठवला, लेखकांच्या लांबलचक यादीत माझंही नाव लागलं आणि पेपर गाजला. आज माझ्या एकूण सायटेशनचा मोठा हिस्सा त्या एकट्या पेपरचा आहे. जे काम स्वतः आखलं, एथिक्स कमिटीपासून रिव्ह्यूअरच्या शेवटच्या शेऱ्यापर्यंत ओढत नेलं, ते त्या बेरजेत दिसतच नाही. मुलाखतीला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला : “डॉक्टर, यात तुमचं नेमकं काम काय?” उत्तर देता येतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्या कामाबद्दल बोलायला गेलो होतो, त्याला उरलासुरला वेळ मिळतो. दरवेळी हेच. शेवटी मी क्रमच बदलला.

आपल्या क्षेत्रात हे अपवादाने घडतं असंही नाही. करोनाकाळात शस्त्रक्रिया आणि लसीकरण यांवरचा कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाचा २०२१ चा पेपर आठवा : ११६ देश आणि १५,०२५ लेखक, गिनीज बुकात नोंद. अशा पेपरला हजार सायटेशन मिळाले तर ते यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण हजार म्हणून जमा होतात, वाटणी होत नाही. एच-इंडेक्समध्येही वाटणी नाहीच. पण तिथे तो पेपर जास्तीत जास्त एकाने भर घालतो, एवढाच काय तो लगाम.

शिवाय सायटेशन म्हणजे शाबासकी नव्हे. बारा मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचा १९९८ चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला. तो अफाट साइट झालाय, पण कितीतरी जणांनी तो खोडून काढण्यासाठी. बेरजेला हा फरक कळत नाही. एचलाही कळत नाही, मात्र तिथे नुकसान मर्यादित राहतं.

एच-इंडेक्स निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. २००५ मध्ये तो मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनीच २०२० मध्ये त्याच्या गंभीर दुष्परिणामांची कबुली दिली. एकदा चढलेला एच काम थांबवलं तरी खाली येत नाही. एच दहा असलेल्या दोघांपैकी एकाचे एकूण सायटेशन दीडशे आणि दुसऱ्याचे चार हजार असू शकतात. आणि कार्डिओलॉजीवाल्याशी अ‍ॅनाटॉमीवाल्याची तुलना करायला तर दोन्ही आकडे निरुपयोगी. त्यासाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन पाहा, ते पेपरची तुलना त्याच्या विषयातल्या पेपरांशी करतं. आपल्याकडच्या कमिट्यांत ते अजून फारसं कोणी विचारत नाही, निदान मला तरी विचारलेलं नाही.

आकडा कोणताही द्या, पुढे ‘स्कोपस’ की ‘गूगल स्कॉलर’ आणि कोणत्या तारखेला पाहिला हे लिहाच. स्कॉलरवरचा आकडा बहुधा मोठा असतो, म्हणून मोह होतो. पण २०२४ मध्ये दोघा संशोधकांनी बनावट पेपर रचून लॅरी नावाच्या मांजराला तिथे जगातलं सर्वाधिक सायटेशनवालं मांजर करून दाखवलं, तेव्हापासून मी तरी स्कोपसचाच देतो.

सध्या माझ्या अर्जात एच-इंडेक्स पहिल्या ओळीत असतो. खाली एकूण सायटेशन, आणि त्यातच ‘बहुकेंद्री पेपर वगळून’ असा दुसरा आकडा. तुमच्या यादीत असा अवाढव्य पेपर नसेल, तर क्रम उलटा ठेवायलाही माझी हरकत नाही.