स्टेगहाइड: फुकट, जुनं आणि एका एरर मेसेजपायी डोकं उठवणारं

स्टेगहाइड म्हणजे फोटोत किंवा आवाजाच्या फाइलीत गुप्त मजकूर दडवणारं सॉफ्टवेअर; तो परत काढायला पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, लागतो. जेपेग, बीएमपी, वॅव्ह फाइली चालतात, पीएनजी चालत नाही, हे वापरणाऱ्यांना ठाऊक असेलच. २००३ मधल्या ०.५.१ नंतर नवी आवृत्तीही नाही. पण पैसे पडत नाहीत आणि टर्मिनलवर एका ओळीत काम होतं, म्हणून काही महिने हेच वापरात आहे.

सगळा राग एका वाक्यावर: ‘या पासफ्रेजने काहीच काढता आलं नाही.’ पासफ्रेज चुकला तरी हेच, फोटोत काही लपवलेलंच नसलं तरी हेच, आणि फोटोची वाटेत वाट लागली तरी बहुतेकदा हेच. शेवटचा प्रकार फार होतो. मेसेजिंग अ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलं की अ‍ॅप पुन्हा कॉम्प्रेस करतं. मजकूर असतो जेपेगच्या डीसीटी गुणांकांत, म्हणजे जेपेग फोटो ज्या आकड्यांच्या रूपात साठवतं त्यांत, ते बदलले की संपलं. ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा आणि दोन्हीकडे फाइलचा आकार बाइटमध्ये ताडून बघा. एका बाइटचा जरी फरक दिसला तरी पासफ्रेजशी झटापट करत बसू नका.

या मोघमपणाला कारण आहे, हे मान्य. बिट कुठे दडवायचे ते पासफ्रेजवरून ठरतं, त्यामुळे चुकीच्या पासफ्रेजला नुसता कचरा दिसतो. शिवाय ‘पासफ्रेज चुकला’ म्हणणं म्हणजे आत काहीतरी आहे याची कबुलीच. एवढ्यावर एक तारा वाढवायला हरकत नव्हती.

स्टेगहाइडचे पासफ्रेज फोडणाऱ्या स्टेगसीक या सॉफ्टवेअरने तो काढून घेतला. रॉकयू या फुटलेल्या पासवर्डांच्या यादीतले १.४ कोटींहून अधिक पासवर्ड ते दोन सेकंदांच्या आत तपासतं. त्याहून वाईट म्हणजे स्टेगहाइडचा सीड (पासफ्रेजवरून निघणारा, बिटांच्या जागा ठरवणारा आकडा) अवघा ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. त्या चाळल्या की पासफ्रेज नसतानाही आत माल आहे हे कळतं. मग त्या एरर मेसेजने अंधारात ठेवलं कोणाला? फक्त आपल्याला!

म्हणून मजकूर आधी जीपीजी या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करा, मगच फोटोत घाला; स्टेगहाइडचा पासफ्रेज लांबलचक आणि वेगळा ठेवा. ‘इन्फो’ कमांड क्षमता सांगते, पण ती काठोकाठ भरू नका. कॅपिटल ‘एन’ पर्याय दिला नाही तर मूळ फाइलचं नावही आत जातं. नव्या फाइलचं नाव देणारा ‘एसएफ’ पर्याय विसरलात तर मूळ फोटोवरच लिहिलं जातं. फोटो नेटवरून उचललेला नको: मूळ प्रत कोणाच्या हाती लागली की दोन फाइली शेजारी ठेवून फरक काढायला एक कमांड पुरते.

पाचपैकी अडीच तारे, तेही फुकट आहे म्हणून.