नवी मोठी हार्ड डिस्क: लाँग टेस्ट पुरेशी, की बॅडब्लॉक्सही चालवायचं?

बारा-सोळा टीबीची कोरी डिस्क तपासायचे मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे स्मार्टची (डिस्कच्या आतच असलेल्या, स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेची) लाँग टेस्ट. दुसरा म्हणजे लिनक्सवरच्या बॅडब्लॉक्ससारख्या प्रोग्रॅमने अख्खी डिस्क लिहून काढायची आणि परत वाचून ताडून पाहायची. स्मार्टचीच शॉर्ट टेस्ट दोन मिनिटांत आटोपते. सुरुवातीला जरूर करा, पण तिच्या भरवशावर डेटा टाकू नका.

लाँग टेस्ट एकदा सुरू केली की डिस्क स्वतःच सगळा पृष्ठभाग वाचून काढते. १६ टीबीला साधारण एक दिवस, कधी थोडा जास्त. डेटाला धक्का लागत नाही, म्हणून भरलेल्या डिस्कवरही चालते. उणीव अशी की ती फक्त वाचते, लिहीत नाही. शिवाय काम आतल्या आत चालत असल्यामुळे केबल आणि कंट्रोलर यांची परीक्षा होतच नाही. यूएसबी केसमध्ये आणखी एक कटकट: कॉम्प्युटरकडून काही वेळ हालचाल नसली की काही केस डिस्कला झोपवतात आणि टेस्ट अर्धवट राहते. मिनिटाला एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटासा तुकडा) वाचणारी छोटी स्क्रिप्ट सोबत चालवली की बहुधा भागतं.

बॅडब्लॉक्सचा राइट मोड चार पॅटर्न (बिटांचे ठरावीक नमुने) वापरतो. प्रत्येक पॅटर्न आधी पूर्ण डिस्कवर लिहायचा, मग वाचायचा, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. बाहेरच्या ट्रॅकवर २५० एमबी प्रति सेकंद वेग दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, आतल्या ट्रॅकवर तो जवळपास निम्म्यावर येतो. सरासरी २०० धरली तर १६ टीबीची एक फेरी २२ तासांची, आणि आठ फेऱ्यांना सात दिवसांहून जास्त. डिस्क एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी, म्हणून लिहिताना संथ) असेल तर वेळेचा हिशेबच सोडा. १८ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्कवर ४०९६ चा ब्लॉक साइझही चालत नाही, कारण ब्लॉकचा आकडा ३२ बिटांत मावत नाही. तिथे ८१९२ द्यावा लागतो.

आणि हा मोड डिस्कवरचं सगळं पुसतो. रीबूटनंतर डिव्हाइसचं नाव बदलू शकतं, तेव्हा स्क्रीनवरचा सीरियल नंबर डिस्कच्या लेबलशी जुळवल्याशिवाय एंटर दाबू नका.

माझं मत विचाराल तर चारही पॅटर्नचा हट्ट आता फारसा कामाचा नाही. आजच्या डिस्क डेटा स्क्रॅम्बल करून (बिटांची सरमिसळ करून) लिहितात, त्यामुळे तुम्ही दिलेला पॅटर्न प्लॅटरवर (आतल्या तबकडीवर) जसाच्या तसा उतरतच नाही. फायदा होतो तो प्रत्येक सेक्टर एकदा लिहून-वाचून झाल्याचा आणि डिस्क काही दिवस सलग राबल्याचा. शिवाय आठ फेऱ्या म्हणजे १२८ टीबीची वाहतूक. नॅससाठीच्या (नेटवर्कवर जोडलेल्या स्टोरेज बॉक्ससाठीच्या) काही डिस्कची वर्षाच्या लिहिण्या-वाचण्याची ठरवलेली मर्यादाच १८० टीबी असते.

म्हणून एकच डिस्क, तीही बॅकअपसाठी, आणि मूळ डेटा दुसरीकडे सुरक्षित असेल, तर लाँग टेस्ट पुरे. नॅसमध्ये रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना) लावणार असाल तर एकाच पॅटर्नची लिहा-वाचा फेरी आणि त्यानंतर लाँग टेस्ट, म्हणजे तीनेक दिवस. सगळ्या डिस्कवर एकाच वेळी चालवा, तापमानाचाही अंदाज येतो. सतत पन्नास अंशांच्या वर जात असेल तर आधी पंख्याचं बघा.

कुठलाही मार्ग घ्या, स्मार्टचे आकडे आधी आणि नंतर उतरवून ठेवा. ५ (बदलून टाकलेले सेक्टर), १९७ (पेंडिंग, म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) या नोंदींची मूळ किंमत (रॉ व्हॅल्यू) शून्यच राहायला हवी. नव्या डिस्कवर एक जरी पेंडिंग सेक्टर दिसला तरी मी ती परत करेन. १९९ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर मात्र आधी केबल बदलून बघा. पॉवर-ऑन तासही पाहा, पण त्यावर विसंबू नका: २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क हा आकडा शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं होतं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तो स्मार्टसीटीएल या स्मार्टचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येतो. तिथले तास आणि स्मार्टचे तास यांत मोठी तफावत असेल तर टेस्ट चालवत बसू नका, रिटर्नचा अर्ज भरा.