क्लासचे कागद तपासून जुनी बार्ज घेतली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. रत्नागिरीच्या दाजींबरोबर भागीदारीत ऑक्टोबरात एक जुनी मालवाहू बार्ज घेतली. फेअर सीझन (पावसाळा सोडून जहाजं चालवायचा काळ) संपला, बार्ज खाडीत बांधली, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

विक्रेत्यानं पहिल्याच भेटीत क्लास सर्टिफिकेट पुढं केलं. क्लास म्हणजे जहाज ठरलेल्या दर्जाचं आहे, असा क्लास सोसायटी या तपासणी संस्थेनं दिलेला दाखला. मुदत अजून अडीच वर्षं. दाजी खूश. पण कास्टिंगबरोबर नुसती टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आली म्हणून आमच्या धंद्यात कोणी माल उतरवून घेत नाही, आधी हीट नंबर (त्या ओतकामाचा क्रमांक) जुळवतात. इथंही तसंच: क्लास सर्टिफिकेट पाच वर्षांचं असलं तरी दरवर्षी सर्व्हे होऊन त्यावर नोंद पडली तरच ते टिकतं. ठरलेल्या तारखेच्या मागंपुढं तीन-तीन महिने, एवढीच सवड. तळाची पाहणी पाच वर्षांत दोनदा, आणि दोन्हींत 36 महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही.

हे सगळं सर्व्हे स्टेटस रिपोर्टमध्ये कळतं. तो विक्रेत्याच्या हातून घेऊ नका. त्याचं संमतिपत्र घ्या आणि थेट क्लास सोसायटीकडून मागवा. आमची बार्ज इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगकडं आहे, मुख्य कार्यालय पवईला. रिपोर्ट उघडला तर ड्रायडॉक (तळाच्या पाहणीसाठी बार्ज पाण्याबाहेर काढणं) फेब्रुवारीत आलेलं! शिवाय एक 'कंडिशन ऑफ क्लास', म्हणजे मुदतीत करायची दुरुस्तीची अट, लागलेली: बॅलास्ट टँकमधल्या (तोल राखायला पाणी भरतात ती टाकी) गंजलेल्या चार फ्रेम डिसेंबरपूर्वी बदला. सर्टिफिकेटवर यातलं एक अक्षर नव्हतं. अशी मुदत चुकली की क्लास निलंबित होऊ शकतो, आणि क्लास गेला की लोडलाइन सर्टिफिकेट (किती खोल भरता येईल त्याचा दाखला) आणि विमा दोन्ही अडचणीत.

मागच्या स्पेशल सर्व्हेचे (पाच वर्षांनी होणाऱ्या मोठ्या तपासणीचे) पत्र्याच्या जाडीचे आकडेही मागवले. तळाचा 10 मिमीचा पत्रा दोन ठिकाणी 8.3 वर आला होता. उद्यमनगरातल्या ओळखीच्या माणसाला यूटी गेज (अल्ट्रासाउंडनं जाडी मोजायचं यंत्र) घेऊन आंबा घाट उतरून नेलं, तर 8.1 निघाला. क्लासला त्यांनी मान्यता दिलेल्या कंपनीचीच मापं चालतात, पण भाव करायला आमची पुरली. डॉक आणि पत्र्यांचा खर्च किमतीतून वजा करून घेतला. फेब्रुवारीत तेच दोन पत्रे बदलावे लागले.

चूक एकच झाली, पण महागात पडली. 'सगळं क्लासमध्ये आहे,' हे दलालाचं बोलणं आम्ही खरं धरलं. क्लास बघतो मुख्यतः हल (जहाजाचा सांगाडा) आणि मशिनरी. जीवरक्षक साधनांचं सर्टिफिकेट वेगळं असतं. लाइफराफ्टची (जीव वाचवायच्या फुगवता येणाऱ्या तराफ्याची) सर्व्हिस दर 12 महिन्यांनी लागते, आमच्याची तारीख कधीच उलटून गेलेली. ताबा घेतल्यावर बार्ज बारा दिवस जागेवर उभी राहिली, खलाशांचे पगार चालूच. पैसे भरून निघाले, पण त्या राफ्टच्या भरवशावर आधी माणसं समुद्रात जात होती, याचा राग अजून जात नाही.

पुढच्या वार्षिक सर्व्हेची सवड जानेवारीत उघडते. राफ्ट, फायर एक्स्टिंग्विशर, सगळ्यांच्या तारखा आता फाउंड्रीच्या ऑफिसातल्या फळ्यावर लिहिल्यात.