हॉटेलमागची बायोगॅसची टाकी : अकरा महिन्यांचा हिशेब

विकणाऱ्याने काय सांगितलं होतं ते आधी लिहिते. "वहिनी, सिलिंडरचं बिल निम्म्यावर येईल." पुणे-कोल्हापूर हायवेला, साताऱ्याच्या थोडं पुढे आमचं थाळीचं हॉटेल आहे. रोज साडेतीनशेच्या आसपास थाळ्या जातात, शनिवार-रविवारी जास्त. 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर महिन्याला 28 ते 30 लागतात. निम्मे वाचले तर सव्वा वर्षात टाकी फुकट, असं गणित मी गल्ल्यावर बसून एका पाठकोऱ्या बिलावर मांडलं आणि होकार देऊन टाकला.

निम्मे वाचले नाहीत. त्याच्या जवळपासही नाही. तरीही कोणी विचारलं तर मी टाकी बसवा म्हणते, आणि का म्हणते ते सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलंय.

आधीची तऱ्हा अशी होती. आमचं गाव ग्रामपंचायतीत, त्यातही आम्ही गावाबाहेर, त्यामुळे घंटागाडीचा प्रश्नच नाही. उष्टं एक डुकरं पाळणारे गृहस्थ न्यायचे, पण ते आले तर आले. दोन दिवस नाही आले की मागच्या बाजूला ड्रम फसफसायचे आणि कुत्र्यांची जत्रा भरायची. गाड्या तिथेच लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून आत यायचं. मग महिन्याला 4,500 रुपये देऊन टेम्पो लावला. म्हणजे आधी पैसे देऊन माल आणायचा, शिजवायचा आणि मग पैसे देऊनच फेकायचा.

घेतली ती तरंगत्या टाकीची, 6 घनमीटरची. खाली मोठी टाकी, तिच्यात उपडी दुसरी. गॅस भरला की वरची टाकी उचलली जाते, त्यावरून लांबूनही कळतं किती शिल्लक आहे. सोबत एक हॉर्सपॉवरचा क्रशर, स्वयंपाकघरापर्यंत पाइप आणि वेगळी शेगडी. खड्डा-बांधकाम धरून 3 लाख 10 हजार. शेणाऐवजी शिळ्या अन्नावर छोटा बायोगॅस चालवायची कल्पना ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आपल्या पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांनी वीसेक वर्षांपूर्वीच रुजवली होती, त्यासाठी 2006 साली त्यांना स्वच्छ ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. मला हे सगळं टाकी बसल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारले असते.

पहिला महिना धीराचा. जूनच्या सुरुवातीला भाऊजींच्या गोठ्यातलं अर्धी ट्रॉली शेण पाण्यात कालवून ओतलं. कचरा अजिबात घालायचा नाही, नुसतं थांबायचं. बाराव्या दिवशी वरची टाकी उचलली तेव्हा सगळे कामधाम सोडून मागे गेले. काडी लावली. "वहिनी, पेटंना ओ." पेटत नाही म्हणजे बिघाड नव्हे. पहिल्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच फार असतो, तो सोडून द्यायचा. बाविसाव्या दिवशी निळी ज्योत लागली. मग रोज पाच किलो, दहा किलो असं वाढवत नेलं.

पुढे शेगडीने छळलं. पाइपमध्ये वाफेचं पाणी साठतं आणि ज्योत उड्या मारते. पाइप जिथे सगळ्यात खाली येतो तिथे एक छोटा कॉक बसवून रोज सकाळी पाणी काढायचं, एवढंच त्याचं औषध. ते आम्हाला गावातल्या प्लंबरने सांगितलं, कंपनीने नाही. दुसरं, या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो बर्नर खातो. त्यासाठी मध्ये लोखंडाच्या चुऱ्याची नळी असते. लेथवाल्याकडून चुरा आणून आम्ही दोन महिन्यांनी बदलतो. नेहमीच्या सिलिंडरच्या शेगडीवर हा गॅस चालवायचा नाद करू नका. याचा दाब कमी असतो आणि जेटचं भोक मोठं लागतं.

आता ऑक्टोबरची गोष्ट. एका साखरपुड्याची ऑर्डर होती, तीनशे पानांची. पाऊस कोसळला आणि माणसं आली निम्मी. रात्री अकरा वाजता आमच्या आचारी मामांनी उरलेला भात, जिलेबी, बटाट्याची भाजी असं सगळं, दीडशे किलोच्या वर, एकदम टाकीत लोटलं. त्यांना वाटलं, जेवढं जास्त तेवढा गॅस जास्त. तिसऱ्या दिवशी आंबूस वास आणि ज्योत बंद.

झालं होतं असं की टाकीच्या पोटात दोन जातीचे जिवाणू असतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस करतात. पहिले चपळ, दुसरे सावकाश. एकदम गोड आणि भात पडला की पहिल्यांनी इतकं आम्ल केलं की दुसरे त्यातच गारद. कंपनीत फोन केला तर "साहेब बाहेर आहेत", चार दिवस तेच. शेवटी नऊ दिवस उपास घातला, ताजं शेण ओतलं, थोडी चुन्याची निवळी सोडली. पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले.

त्या दिवशी मी 2,400 रुपयांचा वजनकाटा आणला. हेतू एवढाच की रोज मोजून घालायचं. मामांनाही बोलता येईना, काटा समोर असल्यावर. मोजायचंच आहे तर तीन डबे करा म्हटलं, एकात चिरताना निघणारे देठ-सालं, दुसऱ्यात शिजवलेलं पण वाढलंच न गेलेलं, तिसऱ्यात ताटातलं उष्टं. कामावरचा पोरगा वहीत लिहायला लागला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याची सरासरी माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. दिवसाला 68 किलो. त्यात देठ-सालं 22, न वाढलेलं 9 आणि ताटातलं 37. बावीस वर्षं हॉटेल चालवून मला वाटत होतं की कचरा म्हणजे कोबीची पानं! निम्म्याहून जास्त शिजवलेलं, तेल-मसाला-गॅस खाल्लेलं अन्न होतं. त्या 37 किलोतही भात आणि भाकरीच जास्त. एक नोंद गमतीची आहे. ट्रकवाले जेवून जातात त्या वेळचा डबा जवळजवळ रिकामा असतो. महाबळेश्वर, कोल्हापूरला निघालेली कुटुंबं येतात त्या वेळी तो भरतो.

मग वाढपात बदल केले. पूर्वी वाढपी न विचारता दुसरी भाकरी टाकायचा, ती आमची ऐट होती. आता "अर्धी देऊ का?" असं विचारतात. भाताची मूद लहान केली, हवा तितका पुन्हा मिळतोच. रश्श्याची वाटी एक नंबर लहान. पोरांसाठी वेगळी छोटी थाळी, कमी पैशांत. दुपारी तीननंतर भात एका मोठ्या पातेल्याऐवजी दोनदा लावायचा. पहिल्या महिन्यात दोघांनी तक्रार केली, हात आखडला म्हणून. दुसरी वाटी भरून समोर ठेवली की तक्रार संपते.

आज वहीत सरासरी 43 किलो आहे. सालं 21, न वाढलेलं 4, ताटातलं 18. गिऱ्हाईक तेवढंच असून तांदूळ, पीठ आणि किराणा मिळून बिल महिन्याला 13 हजारांच्या आसपास उतरलं. मी भावाच्या चढउतारासाठी थोडं वजा करूनच हा आकडा धरते.

आता गॅस. सप्टेंबरात टाकी पोटभर खात होती तेव्हा महिन्याला साडेतीन सिलिंडरइतका गॅस निघाला. डिसेंबर-जानेवारीत दीड, कारण थंडीत हे जिवाणू गारठतात. त्यांना तीस-पस्तीस अंशांची ऊब लागते. आम्ही सौरबंबाचं कोमट पाणी कालवायला वापरलं, थोडा फरक पडला. आता मे महिन्यात अडीच. ढोबळ मानाने शंभर किलो ओल्या खरकट्यापासून आठ-नऊ घनमीटर गॅस आणि एक घनमीटर म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजी. हे दोन आकडे घेऊन कोणीही आपापल्या कचऱ्याचा गुणाकार करावा आणि मगच "निम्मं बिल" ऐकावं. हॉटेलच्या उष्ट्यावर त्याच हॉटेलचा स्वयंपाक कधीच निघत नाही. आमच्याकडे त्यावर सकाळचा चहा, दूध तापवणं आणि डाळीचं मोठं पातेलं एवढं होतं.

महिन्याचे पैसे असे. सिलिंडरचे साधारण 4,400 वाचतात. टेम्पो आता हाडं आणि सुका कचराच नेतो, 1,500 घेतो, म्हणजे तिथे 3,000. यातून पोराला या कामाचे वेगळे 2,500, क्रशरची वीज शे-दीडशे आणि चुरा, पाइप, किरकोळ दुरुस्ती यांचे सरासरी 600 गेले. उरतात चार हजार आणि वर थोडे. नुसत्या यावर पैसे वसूल व्हायला सहा वर्षं लागतील. किराण्याचे 13 हजार धरले तर दीड वर्ष.

म्हणजे नुसता काटा आणला असता तरी चाललं असतं की, असं माझ्या जावेने लगेच काढलं. खरं आहे. पण बावीस वर्षांत आणला नाही ना! उष्टं टेम्पोत जात होतं तोवर ते मोजावं असं कोणाच्या स्वप्नात आलं नव्हतं.

रोजचा व्याप पत्करायची तयारी हवी. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, अंड्यांची कवचं, हाडं, नारळाची शेंडी टाकीत जात नाहीत. साबणाचं किंवा ब्लीचिंगचं पाणी चुकूनही नाही. तेलाचा तवंग वर घट्ट साय धरतो, म्हणून तळणाचं उरलेलं तेल वेगळं ठेवतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने 2018 पासून वापरलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवून बनणारे खराब घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते स्वयंपाकाला चालत नाही. ते बायोडिझेलसाठी नेणारे अधिकृत लोक आहेत, आमच्याकडून किलोवर पैसे देऊन नेतात. पूर्वी तेच तेल भज्यांच्या कढईत फिरत राहायचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण फिरायचं.

आणि टाकीतून निघणारी मळी. जितका कचरा तितकंच पाणी घालतो, म्हणजे रोज ऐंशी-नव्वद लिटर काळं पाणी बाहेर येतं. आमचं ते पाटाने भाऊजींच्या उसात जातं, त्याबदल्यात शेण फुकट. त्यांनी यंदा युरियाचा एक हप्ता कमी केला. शहरात गल्लीतल्या हॉटेलवाल्यांनी मात्र आधी ही मळी कुठे सोडणार याचं उत्तर शोधावं आणि मगच टाकीची चौकशी करावी. विकणारे हा विषय स्वतःहून काढत नाहीत.

माझ्या मावसभावाचं कराडला मंगल कार्यालय आहे, तो विचारत होता. दिवसाला सरासरी शंभर किलोच्या वर कचरा काढणाऱ्याला घनकचऱ्याच्या सरकारी नियमांनी मोठा कचरा उत्पादक धरलंय, म्हणून त्याला धास्ती. मी त्याला म्हटलं, तुझी पंगत एक दिवस चारशे किलो टाकणार आणि पुढचे आठ दिवस काही नाही, ही टाकी तुझ्याकडे जगायची नाही. तू कंपोस्टचे हौद कर.

आमच्या टाकीचंही आता उलटंच झालंय. आम्ही अन्न वाया घालवायचं कमी केलं, तशी ती उपाशी राहायला लागली. म्हणून बाजारच्या दिवशी एक भाजीवाल्या मावशी उरलेली सडकी भाजी आणून देतात, बदल्यात दोन थाळ्या जेवून जातात. त्यांच्या ताटात काही उरत नाही.