जिवाचा कान करून : वर्षभर ऐकलेले पॉडकास्ट

वर्षभरापूर्वी डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि दिवेलागणीनंतर पुस्तक नाही, फोन नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. रात्रीचं वाचन हा माझा रोजचा विसावा. तो बंद झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस फार अवघड गेले. मग पॉडकास्टकडे वळले. तोवर प्रवासात कधीतरी एखादा भाग ऐकला असेल तेवढाच. गेले बारा महिने मात्र रोज तास-दीड तास ऐकते आहे. चाळीसेक कार्यक्रम सबस्क्राइब केले, त्यातले पाच-सहा टिकले. जे टिकले त्यांच्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं आहे. शिवाय सुरुवातीला मी एक चूक केली, ती इतरही पुष्कळ जण करत असतील, तेही सांगायचं आहे.

चूक वेगाची. वाचनाची भूक तशीच होती, ऐकायची यादी लांबलचक, म्हणून ॲपमध्ये दीडपट वेग लावला आणि शांतता वगळण्याची सोयही चालू केली. ती चालू असली की बोलण्यातले रिकामे क्षण आपोआप कापले जातात. तासाचा भाग पाऊण तासाच्या आत उरकायचा. महिनाभरात ढीगभर ऐकून झालं. आज त्यातलं आठवतं म्हणावं तर जवळजवळ काहीच नाही.

ती सोय मी बंद केली ‘१३ मिनिट्स टू द मून’मुळे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं २०१९ मध्ये, चांद्रावतरणाला पन्नास वर्षं झाली त्या निमित्तानं हा कार्यक्रम काढला. निवेदक केविन फाँग हे पेशानं डॉक्टर, आणि संगीत हान्स झिमर यांचं. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरलं, त्या उतरण्याची शेवटची तेरा मिनिटं एवढाच विषय. पण तिथं पोचायला कार्यक्रम कितीतरी भाग घेतो. यानातला इवलासा संगणक कसा घडला, त्याच्या आज्ञावली कुणी लिहिल्या, नियंत्रण कक्षात बसलेली पोरं किती कोवळ्या वयाची होती, हे सगळं आधी सावकाश कळतं. आणि मग ती तेरा मिनिटं सलग कानावर येतात.

यान खाली येत असताना आर्मस्ट्राँग म्हणतो, ‘प्रोग्रॅम अलार्म’. पाठोपाठ आकडा येतो, १२०२. या आकड्याचा अर्थ यानातल्या दोघांनाही ठाऊक नाही. पृथ्वीवर उत्तर द्यायचं आहे स्टीव्ह बेल्सला, वय २६. त्याच्या मदतीला मागच्या खोलीत जॅक गारमन, वय २४. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच एका अलार्मवर गरज नसताना माघार घेतली गेली होती. त्यानंतर गारमननं सगळ्या अलार्मचे आकडे आणि त्यांचे अर्थ हातानं लिहून टेबलावर नजरेसमोर ठेवले होते. १२०२ म्हणजे संगणकावर कामाचा भार जास्त झालाय. पण तो कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकून उतरण्याचं काम करतच राहणार होता. अलार्म एकसारखा वाजत नसेल तर पुढे जायला हरकत नाही, हे गारमनला त्या क्षणी ठाऊक होतं, कारण त्यानं ते आधी लिहून काढलेलं होतं.

आर्मस्ट्राँगच्या त्या पहिल्या शब्दांपासून ‘गो’ असं उत्तर येईपर्यंत जवळपास अर्धं मिनिट जातं. मधे तो पुन्हा विचारतो, आणि या खेपेला त्याच्या आवाजात निकड असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या ॲपनं या अर्ध्या मिनिटातली शांतता गिळून टाकली होती. प्रश्न आला, उत्तर आलं, संपलं. काहीतरी चुकतंय असं वाटून दुसऱ्या रात्री तोच भाग साध्या वेगानं, काहीही न कापता लावला. कपड्यांच्या घड्या घालत होते, हात जागच्या जागी थांबले. नुसती खरखर, श्वास, आणि कुणीच बोलत नाही. पुढे इंधनाची हाक येते, ‘साठ सेकंद’, मग ‘तीस सेकंद’. शेवट आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी मी जिवाचा कान करून ऐकत होते. त्या दिवसापासून वेग एकपट. यादी लांबली तर लांबली.

वेग कमी केल्यानं सगळ्यात मोठा लाभ झाला तो ‘द हिस्टरी ऑफ इंग्लिश पॉडकास्ट’चा. केविन स्ट्राउड हे अमेरिकेतले वकील २०१२ पासून हा कार्यक्रम एकट्यानं करत आले आहेत. संगीताचा मारा नाही, पाहुण्यांची रीघ नाही. एक माणूस संथ, स्वच्छ आवाजात इंग्रजी भाषेची गोष्ट सांगतो, आणि तीही इंग्रजीच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून. सुरुवातीचे भाग आहेत सगळ्या इंडो-युरोपीय भाषांच्या आदिभाषेचे. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असा विचार मांडला, तिथून ही वाट निघते. पुढे याकोब ग्रिमचा ध्वनिनियम येतो, आणि मराठी ऐकणाऱ्याला खरी मौज इथं आहे. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीत ‘फ’ होऊन येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. ‘द’चा ‘ट’ होतो: दन्त आणि टूथ, दश आणि टेन. शाळेत पाठ केलेले हे सगळे शब्द एकमेकांचे भाऊबंद निघतात.

स्ट्राउड इंग्रजी श्रोत्यांसाठी बोलतात, त्यामुळे मराठीचे दुवे आपले आपणच जोडावे लागतात. तेच मला फार आवडलं. ‘योक’ या शब्दाचं कूळ ऐकताना संस्कृतातलं ‘युग’ आठवलं आणि मग एकदम बैलांच्या मानेवरचं ‘जू’. एकाच शब्दाची तीन घरं. ‘व्हील’ आणि ‘चक्र’ हेही एकाच मुळाचे, म्हणजे आपलं ‘चाक’सुद्धा त्याच गोतावळ्यातलं. त्या रात्री मी बराच वेळ अंधारात बसून शब्द जुळवत होते. भाषेवर प्रेम असणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा हाच कार्यक्रम सुचवीन. फक्त एकच सांगणं, क्रमानंच ऐका. मधला एखादा भाग उचलून ऐकला तर हाती फारसं लागत नाही.

‘इअर हसल’बद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं, कारण तो ऐकून मी काही रात्री नीट झोपू शकले नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात, तुरुंगाच्या आतच हा कार्यक्रम तयार होऊ लागला. निर्मिती करणारे तिघं: तिथं स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या दृश्यकलावंत नायजेल पूर, आणि अर्लोन वुड्स व अँटवान विल्यम्स हे दोन कैदी. नव्या पॉडकास्टसाठीच्या एका स्पर्धेत दीड हजाराच्या वर प्रवेशिकांमधून त्यांची निवड झाली आणि २०१७ मध्ये पहिला भाग आला. नावाचा अर्थ तुरुंगाच्या बोलीत ‘चोरून ऐकणं’.

पहिल्या भागाचा विषय आहे कोठडीतला सोबती. दोन माणसं जेमतेम मावतील अशा जागेत अनोळखी माणसाबरोबर वर्षानुवर्षं कसं राहायचं, इतकाच. गुन्हा कोणता, शिक्षा किती, याची चघळाचघळ नाही. एकांतवासाच्या कोठडीबद्दलचा एक भाग आहे. त्यात बोलणारी माणसं वाक्याच्या मधेच थांबतात, आणि संपादकानं ते थांबणं तसंच ठेवलं आहे. शांतता कापणारी ती सोय चालू असती तर हा भाग माझ्यापर्यंत पोचलाच नसता. प्रत्येक भागाच्या शेवटी तुरुंगाचा जनसंपर्क अधिकारी स्वतःच्या आवाजात या गोष्टीला मंजुरी असल्याचं सांगतो. सुरुवातीला ते खटकायचं, म्हणजे आपण ऐकतोय ते सगळं चाळून आलेलं आहे तर. नंतर वाटू लागलं की ही गोष्ट लपवून ठेवण्यापेक्षा दर वेळी उघडपणे ऐकवणं जास्त प्रामाणिक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी वुड्स यांची शिक्षा कमी केली, ते बाहेर आले आणि बाहेरूनही कार्यक्रम करत राहिले. ओळीनं ऐकत आलेल्या माणसाला सुटकेचा तो टप्पा घरच्या बातमीसारखा वाटतो.

वेळ कमी असेल तेव्हा ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर यांनी २०१० मध्ये बीबीसी रेडिओ ४ साठी केलेले हे शंभर भाग, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे. डोळ्यांनी बघायच्या वस्तू केवळ आवाजातून दाखवायच्या, ही कल्पनाच मला माझ्या त्या वेळच्या अवस्थेत जवळची वाटली. इजिप्तच्या एका ममीपासून सुरुवात, सौरदिव्यावर शेवट. माझा आवडता भाग हॉक्सनच्या मिरीदाणीचा. स्त्रीच्या आकाराची चांदीची छोटी दाणी, रोमन काळातल्या ब्रिटनमधली. १९९२ मध्ये एका शेतात हरवलेला हातोडा शोधताना पंधरा हजारांच्या आसपास नाण्यांबरोबर ती सापडली. एवढ्याशा दाणीतून मॅकग्रेगर थेट भारतातून निघणाऱ्या मिरीच्या जहाजांपर्यंत नेतात, आणि साम्राज्य ढासळताना कुणीतरी आपली संपत्ती पुरून निघून गेलं आणि परत आलं नाही, हेही त्यातच सांगतात. रोज एक असं ठरवलं तर शंभर दिवस पुरतो. मी तो पुरवून पुरवून ऐकला.

‘इन अवर टाइम’ मी अजून निवडून निवडून ऐकते. मेल्व्हिन ब्रॅग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा कार्यक्रम त्यांनी २०२५ मध्ये सोडला, तोवर हजारावर भाग झाले होते. एक विषय आणि त्यातले तीन अभ्यासक. ब्रॅग पाल्हाळ चालू देत नाहीत, कधी कधी जरा तोडूनच टाकतात, आणि मला ते पटतं. मुख्य चर्चा संपल्यावर पॉडकास्टमध्ये काही मिनिटं जास्तीची असतात, त्यात ‘काय सांगायचं राहिलं’ असा प्रश्न असतो. पुष्कळदा खरा ऐवज तिथं मिळतो, तेव्हा शेवटाआधी बंद करू नका. ‘साँग एक्स्प्लोडर’ थोडक्यात सांगते: हृषीकेश हिरवे २०१४ पासून करतात, संगीतकार आपलं गाणं सुटं सुटं करून दाखवतो, हिरवे स्वतःचे प्रश्न कापून टाकतात, आणि शेवटी अख्खं गाणं वाजतं. चांगला इयरफोन लावून ऐका.

जे सोडले त्यांत निम्मे खऱ्या गुन्ह्यांवरचे होते. त्यांची निर्मिती उत्तम असते, पुढचा भाग ऐकल्याशिवाय राहवत नाही, हे मान्य. पण एका कार्यक्रमात मेलेल्या मुलीच्या आईचं रडणं जाहिरातीच्या आधी मुद्दाम अर्धवट तोडलेलं ऐकलं आणि मी तो प्रकारच बंद केला. दुसरे सोडले ते तीन-तीन तासांच्या गप्पांचे, ज्यांत पाहुण्याचं पुस्तक निवेदकानं वाचलेलं नसतं. ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मराठीत ‘अमुक तमुक’ आणि ‘मित्रम्हणे’ हे दोन्ही अधूनमधून ऐकते. ‘अमुक तमुक’मध्ये ओंकार जाधव आणि शार्दूल कदम नातेसंबंध, मन, घरातले न बोललेले विषय तज्ज्ञांना विचारतात तेव्हा त्यांना उत्तर खरंच हवं असतं, हे आवाजात जाणवतं. ‘मित्रम्हणे’मध्ये सौमित्र पोटे कलावंतांना निवांत बोलू देतात. माझी मनापासूनची इच्छा एवढीच, की गप्पांच्या पलीकडे जाऊन कुणीतरी मराठीत एकच विषय घेऊन, जुने ध्वनिमुद्रण शोधून, नीट संहिता लिहून दहा भागांची मालिका करावी. आपल्याकडे आकाशवाणीवरच्या श्रुतिकेची परंपरा आहे. नुसत्या आवाजातून अख्खं घर उभं करणारी माणसं आपल्या भाषेत होऊन गेली आहेत.

ॲपबद्दल दोन गोष्टी. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांच्या गार्डियनमधल्या लेखात पहिल्यांदा आला, आणि त्यामागचं तंत्र, आरएसएस फीड (कार्यक्रमाच्या भागांची यादी, जी कुठलंही ॲप वाचू शकतं), आजही खुलं आहे. म्हणजे फीड खुलं असेल तर कार्यक्रम एकाच ॲपमध्ये अडकलेला नसतो. माझं पहिलं ॲप वर्षाच्या मध्यात बिघडलं आणि अर्धवट ऐकलेल्या भागांच्या खुणा गेल्या. सबस्क्रिप्शनची यादी मात्र ओपीएमएल फाइल म्हणून आधीच काढून ठेवली होती, ती नव्या ॲपमध्ये टाकल्यावर पाच मिनिटांत सगळे कार्यक्रम परत आले. तुमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा आणि आजच ती फाइल काढा. दुसरं, ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारा स्लीप टायमर. रात्री ऐकणाऱ्यांनी तो लावावाच, नाहीतर झोपेत चार भाग पुढे गेलेले असतात.

डोळे आता बरे आहेत, रात्री थोडं वाचायची परवानगीही मिळाली आहे. तरी दिवा मालवल्यावर अर्धा तास स्ट्राउड लावते. १०६६ साल आलं आहे, नॉर्मन खाडी ओलांडून इंग्लंडात उतरले आहेत आणि फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरायच्या बेतात आहेत. अजून निम्म्याहून जास्त भाग बाकी आहेत.